चाखून घेतलेला दुधी

निजामपुऱ्याच्या बाजारात कच्चा दुधी चाखून विकत घेणारा माणूस मी एकच पाहिला आहे. आमचे शेजारी दामूकाका. दुधी उचलायचा, नखाने साल काढायचं, तुकडा तोंडात टाकायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. भाजीवाला वैतागायचा, "चाचा, लेना है कि यहीं खाना है?" काका नुसतं एक बोट वर करायचे. मिनिटभराने डोळे उघडून म्हणायचे, "कडू न्हाय. दे."

कडू दुधीचा रस बाधतो, हे त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं. आणि तो रस त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीला, तनुला, रोज सकाळी प्यायचा होता. तनुला दमा आहे.

काका पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेल्या लूम दुरुस्त करणारे. तिथे शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. पण काका दारातूनच सांगतात, "तिसरीचा पट्टा ढिला हाय." "मशीन काय बोलते ते ऐकायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तनुच्या पाठीलाही ते असाच कान लावायचे. "शिट्टी वाजतेय. पोटात कचरा गेलाय."

मग कचऱ्याचा शोध सुरू झाला. बिस्कीट बंद, खारी बंद, पाव बंद. तनुसमोर आपण काही खायचं नाही म्हणून दिवसाला दहा चहा पिणाऱ्या काकांनी चहाही सोडला, आणि काकींनाही सोडायला लावला. काकी आमच्या घरी येऊन गुपचूप चहा प्यायच्या. "आजार पोरीला, नि उपाशी मी मरतेय," म्हणायच्या. तनु मला विचारायची, "दीदी, तुझ्याकडे खोकल्याचं औषध आहे का? ते गोड असतं."

अंजूर हे काकींचं माहेर. तिथल्या खाडीची माती तनुच्या छातीवर लावायला काकांनी रंगाच्या बादलीतून आणली. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, घर बांधताय काय?" काका गंभीरपणे म्हणाले, "न्हाय. पोरगी दुरुस्त करतोय."

फोमच्या उशीत केमिकल असतं, म्हणून ती त्यांनी फेकली. कारखान्यातला कापसाचा पांढराशुभ्र वेस्ट, म्हणजे वाया गेलेला कापूस, आणून, पोपटांच्या छापाच्या अभ्र्यात भरून, स्वतः हाताने उशी शिवली. मला दाखवायला आणली. "एकदम नैसर्गिक. हात लावून बघ, कॉलेज."

ते मला कॉलेज म्हणतात. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. तनुच्या आहाराचा तक्ता त्यांनी माझ्याकडून पुठ्ठ्यावर लिहून घेतला. मी सुवाच्य अक्षरात लिहिला. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप कपाटावर पडलेला मला दिसत होता. "त्याची सवय लागते," काका म्हणाले होते. मला ते पटलं नव्हतं, पण मोठ्या माणसांना उलट विचारण्याचा धीर मला अजून येत नाही. त्या दिवशी यायला हवा होता.

एका शुक्रवारी, लूमला सुट्टी होती त्या दुपारी, तनुला श्वासच घेता येईना. ओठ निळसर झाले. काका तिला उचलून अनवाणी धावले. दोन दिवसांनी ती घरी आली आणि काकांनी डॉक्टरांचा इंग्रजी कागद माझ्या हातात दिला.

मी वाचलं, "पंप रोज द्यायचा. चुकवायचा नाही."

"देईन. पुढं?"

"साधा आहार द्यायला हरकत नाही."

काकांचा चेहरा उजळला. "बघ! दुधीला न्हाय म्हणाले न्हाय."

पुढची ओळ बघून मी थांबले.

"वाच ना, कॉलेज. अडलीस कुठं?"

"कापसाची धूळ, तूस... यांच्यापासून लांब ठेवा."

तनु पोपटांची उशी मांडीवर घेऊन बसली होती. काकांनी उशीकडे पाहिलं. मग स्वतःच्या बाहीकडे. सकाळच्या शिफ्टची पांढरी तूस बाहीला चिकटलेली होती. उशी काढून घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच आवरला. काकींना म्हणाले, "तू घे. मी नको."

त्याच आठवड्यात काकी आणि तनु अंजूरला गेल्या. कापसापासून सुटायला काकांनी काल्हेरच्या गोदामांत काम विचारून पाहिलं. एवढ्या वयाचा माणूस नको, असं तिथले लोक म्हणाले. दुसरं काम त्यांना येत नाही. मग ते इथेच राहिले. शुक्रवारी केस दोन-दोनदा धुऊन, सासुरवाडीत ठेवलेले वेगळे कपडे घालून लेकीला भेटतात. जाताना पोपटांच्या रिकाम्या अभ्र्यातून दुधी नेतात. तो अभ्रा त्यांनी किती वेळा उकळला असेल कोण जाणे, पोपट पार फिके पडले आहेत.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी आईने दिलेली भाकरी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. भिंतीवर माझ्या अक्षरातला तक्ता तसाच होता. समोर दुधीच्या रसाचा पेला. काका फोन कानाला लावून बसले होते, पण बोलत काहीच नव्हते.

"काका, फोन कट झालाय का?"

त्यांनी एक बोट वर केलं. डोळे मिटलेले. बाजारात उभे राहतात, अगदी तसे. पलीकडून शब्द येत नव्हते. नुसता श्वास आत, बाहेर, आत, बाहेर.

मिनिटभराने त्यांनी डोळे उघडले. "शिट्टी न्हाय," मला म्हणाले. मग फोनमध्ये, "झालं बाय, आता बोल. काय खाल्लंस आज?"

तनु काहीतरी हळूच म्हणाली. काकांची नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली.

"बिस्कीट? एकच?... आजीला सांग, अजून एक दे म्हणावं."

फोन ठेवून त्यांनी पेला उचलला आणि सगळा रस पिऊन टाकला.