पन्नास वर्षांचा छज्जा

जगातली प्रत्येक वस्तू आधी नवी असते, मग जुनी होते, मग अडगळ होते. आणि तिथून तिला कोणी हलवलं नाही, तर ती वारसा होते. अडगळ कोणत्या दिवशी संपते आणि वारसा कोणत्या दिवशी सुरू होतो, हे सामान्य माणसाला कळत नाही. त्यासाठी समिती लागते. ओहायोतल्या आमच्या टॅनर्स फोर्ड गावात ती आहे, आणि मी तिचा सभासद आहे याचा मला सार्थ अभिमान आहे.

चर्च स्ट्रीट आणि तिला छेदणाऱ्या दोन गल्ल्या मिळून आमचा ऐतिहासिक विभाग होतो. त्यात एकसष्ट घरं आहेत (जतन करण्यासारखी तेवीस, बाकीची शेजारधर्म म्हणून घेतली). नियम अगदी सोपे आहेत. रस्त्यावरून दिसणारं काहीही बदलायचं, म्हणजे रंग, खिडकी, कुंपण, टपालपेटी, तर 'शोभनीयता प्रमाणपत्र' घ्यावं लागतं. काहीच बदलायचं नसेल तर लागत नाही. मात्र काही न बदलल्यामुळे रंगाचे पोपडे निघाले, तर 'देखभालीत हयगय' या कलमाखाली नोटीस येते. पोपडे खरवडायचे तर अर्थातच प्रमाणपत्र लागतं. आमच्या नियमावलीतून आजवर एकही घर निसटलेलं नाही.

रंग-उपसमितीचा प्रमुख मी आहे. मी तीस वर्षं दातांचा डॉक्टर होतो, त्यामुळे पांढऱ्याच्या छटा माझ्याइतक्या गावात कोणी ओळखत नाही. (विभागात चौदा मान्य आहेत. पंधराव्या छटेसाठी तिघांनी अर्ज केले होते. तिघेही आता हमरस्त्यापलीकडच्या नव्या वसाहतीत सुखाने राहतात.)

आता लोवेल ओस्ट्रँडरकडे येऊ. हा आमच्या गल्लीतला निवृत्त प्लंबर. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोने, वर्नाबाईंनी, मोठ्या हौसेने मोरपंखी मखमलीचा सोफा घेतला. तो उन्हाने विटू नये म्हणून लोवेलने त्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण शिवून घेतलं. तेवढ्यानेही जिवाला स्वस्थता मिळेना, म्हणून दिवाणखान्याच्या दक्षिणेकडच्या खिडक्यांवर अॅल्युमिनियमचा छज्जा ठोकला. हिरवे-पांढरे पट्टे, खाली कातरलेली झालर. (यातला पांढरा चौदांपैकी नव्हता.)

सोफा वाचला. दिवाणखान्यात मात्र भर दुपारी दिवा लावायची वेळ आली. सोफ्यावर घरचं कोणी बसत नसे, कारण तो पाहुण्यांसाठी होता. आणि पाहुणे मागच्या दाराने येऊन स्वयंपाकघरातच बसत.

पुढे दोन वर्षांनी आमची समिती स्थापन झाली. तिचा पहिला ठराव आभाराचा होता, दुसरा ओस्ट्रँडरांचा छज्जा काढण्याचा. तेव्हापासून दर वसंतात लोवेलला नोटीस जायची. दर वसंतात तो सभेला यायचा, केकचे दोन तुकडे खायचा आणि म्हणायचा, "माझं घर, माझा छज्जा. पुढच्या वर्षी भेटू." या नोटिशींवर झालेल्या टपालखर्चात एक लहानसा छज्जा सहज आला असता, पण प्रश्न तत्त्वाचा होता.

दोन वर्षांपूर्वी वर्नाबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज उन्हात बसा. आमच्याकडे हिवाळ्यात बाहेर उन्हात बसणाऱ्याला लोक थंड अवस्थेत आत आणतात. ऊन खायचं ते घरातच, दक्षिणेच्या खिडकीत. आणि त्या खिडकीवर छज्जा होता. त्या वर्षीच्या सभेत लोवेलने केकचा पहिला घास घेतला आणि वर्नाबाई उभ्या राहिल्या.

"लोवेल, पन्नास वर्षं व्हायला आली, मी त्या खोलीत दिवसाढवळ्या दिवा लावून धूळ पुसतेय. मला ऊन पाहिजे. तू काढतोस, की मी शिडी लावू?"

"अगं, पण सोफा..."

"त्या सोफ्याचं काय लोणचं घालायचंय?"

लोवेलने ताटली खाली ठेवली. "काढतो बाई, काढतो. उद्याच काढतो."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्यावर मी त्याच्या नजरेस आणून दिलं, की छज्जा रस्त्यावरून दिसतो, सबब तो काढायला प्रमाणपत्र लागेल.

"डॉक, शुद्धीवर आहेस का? तुम्हीच काढ, काढ म्हणून माझं डोकं खाताय ना?"

"खातोय ना. पण आदेश पाळणं हासुद्धा बदलच. रीतसर अर्ज कर, हसत हसत मंजूर करू."

त्याने अर्ज केला. सोबत चारही दिशांचे फोटो जोडले (उत्तरेचा शेजाऱ्याच्या झाडावर चढून काढला). शरदातल्या सभेला पुरेसे सभासद आले नाहीत, कारण हरणांच्या शिकारीचा मोसम होता. डिसेंबरच्या सभेत नाताळचं जेवण झालं आणि जेवणानंतर कोणाला मत देववेना. जानेवारीची बर्फाने गेली. वर्नाबाई तो सबंध हिवाळा गरम पाण्याच्या पिशवीने गुडघे शेकत स्वयंपाकघरात बसून होत्या.

एप्रिलमध्ये अर्ज पुढे आला, तेव्हा आमच्या अध्यक्षा कॉर्डेलिया व्हिटकॉम्ब यांनी त्यातली छज्जा बसवल्याची तारीख पाहिली आणि चष्मा काढला. छज्ज्याला मार्चमध्ये पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. कलम सातप्रमाणे पन्नाशी ओलांडलेली वस्तू ऐतिहासिक ठरते.

"सभासदहो," त्या उभ्या राहून म्हणाल्या, "त्या काळातला हा विभागातला एकमेव शिल्लक छज्जा आहे!"

हे तंतोतंत खरं होतं. बाकीचे अकरा आमच्याच आदेशावरून काढले गेले होते. छज्जा काढायला एकमताने मनाई झाली आणि त्याच्या शेजारी पितळी पाटी लावायचं ठरलं. वर्षानुवर्षं नोटिशी पाठवणाऱ्या त्याच बाईंनी लोवेलचं 'दूरदृष्टीचा जतनकर्ता' म्हणून अभिनंदन केलं. लोवेलला हसावं की रडावं कळेना. वर्नाबाईंना कळलं, त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. मला फार वाईट वाटलं. (सभासद म्हणून नव्हे, शेजारी म्हणून. इतिवृत्तात दोन्ही एकत्र लिहीत नाहीत.)

मग त्यांनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि हात वर केला.

"कॉर्डेलिया, त्या छज्ज्याची झालर एका कोपऱ्यात वाकलीय. हिरवा रंगही उडालाय. इतकी ऐतिहासिक वस्तू, आणि आम्ही तिची ही दशा केली. आम्हाला हयगयीची नोटीस द्या."

नोटीस मागणारा नागरिक आम्ही प्रथमच पाहत होतो. कॉर्डेलियाबाईंना तर गहिवरून आलं. नोटीस तिथल्या तिथे निघाली. नोटीस म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे छज्जा उतरवणं. आणि धोक्यातला वारसा असल्यामुळे उतरवण्याचं प्रमाणपत्र तातडीच्या कलमाखाली दहा मिनिटांत मिळालं. अट एकच: मूळ हिरव्याची छटा रंग-उपसमितीने निश्चित केल्यावर छज्जा पुन्हा लावायचा.

रंग-उपसमिती म्हणजे मी. छज्जा माझ्या गॅरेजमध्ये घोंगडी पांघरून पडलेला आहे, आणि माझा अभ्यास चालू आहे. पांढऱ्यात मी पारंगत असलो, तरी हिरव्यात नवशिका आहे. प्रत्येक सभेच्या आदल्या दिवशी वर्नाबाई अक्रोडाचा केक घेऊन येतात.

"घाई नाही ना, डॉक?"

"हिरव्यात घाई करून चालत नाही, वर्नाबाई."

इकडे पितळी पाटी मात्र वेळेवर लागली. 'या ठिकाणी ऐतिहासिक छज्जा आहे.' प्रवासी तिच्याखाली उभे राहून वर बघतात आणि फोटो काढतात.

छज्जा उतरवला त्या दिवशी मी तिथे होतो. खोलीत ऊन शिरलं आणि थेट सोफ्यावर जाऊन बसलं. वर्नाबाईंनी लोवेलच्या हातात कात्री दिली. त्याने शिवणीच्या कडेकडेने, जपून प्लॅस्टिक कापलं. आतली मखमल कालच दुकानातून आणल्यासारखी होती.

"विटेल गं," तो म्हणाला.

"विटू दे. आपण नाही विटलो?" वर्नाबाई बसल्या, पाय लांब केले, आणि शेजारची जागा थोपटली. तोही बसला. माझे डोळे भरून आले, हे मी इथे स्पष्ट सांगतो, इतिवृत्तात नाही.

आता सोफ्याचा उजवा हात थोडा फिका पडलाय. घराच्या आतला भाग दुर्दैवाने आमच्या कक्षेत येत नाही.

तुम्ही हे वाचून हसत असाल तर खुशाल हसा. हसायला प्रमाणपत्र लागत नाही. आमच्या समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. पात्रता एकच: चांगली म्हणून जपलेली आणि म्हणूनच कधी न वापरलेली एखादी वस्तू घरात असावी. काचेच्या कपाटातला कपबशांचा संच चालेल, पाहुण्यांसाठी राखलेली चादर चालेल, पुढेमागे घालू म्हणून घडीही न मोडलेले कपडे चालतील. अर्ज पाठवण्याचे कष्ट घेऊ नका. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक तुम्ही अजून काढलेलं नाही, हे पाहून तुमची निवड बिनविरोध झालेली आहे.