मोईनमामूंच्या सवाऱ्या

मी मोईनमामूंचे त्रेचाळीस प्रवासी काढून टाकले, तेही त्यांना न विचारता, आणि ही गोष्ट महिनाभर लपवून ठेवली. ज्यांच्याशी असा वागलो ते मामू कोण, हे आधी सांगायला हवं.

मामू लातूरचे, निवृत्त कंडक्टर. निवृत्ती कागदावरची. बँकेच्या रांगेत ते समोरच्यांना शांतपणे सांगतात, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय." लोक सरकतातही. घरी पाहुणा आला की त्याला कुठं बसवायचं ते अंतरावरून ठरतं. मी नांदेडचा, म्हणून मला कायम खिडकी. शेजारच्या तात्यांना दाराजवळचं स्टूल. "जवळची सवारी दाराशी," हे त्यावरचं स्पष्टीकरण. तात्या बिचारे सहा वर्षांपासून स्टुलावर आहेत.

आमची गाठ एका गेममुळे पडली. नांदेडला माझे संगणकाचे वर्ग आहेत. बस चालवण्याचा एक परदेशी गेम आहे. त्यात आपला नांदेड-लातूर रस्ता आणि लाल बस घालायची असं आम्ही चार हौशी लोकांनी ठरवलं. तयार गेममध्ये अशी फुकटात भर घालण्याला मॉड म्हणतात. रस्त्याची खडानखडा माहिती हवी म्हणून मी मामूंना गाठलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "गाडीत सवाऱ्या किती?"

"एकही नाही. रिकामीच चालवायची."

"मंग कशापायी चालवायची, सर?"

मग मामूंनी प्रवासी दिले. सगळे त्यांच्या आठवणीतले, आणि सगळ्यांचे आवाज त्यांनी स्वतः काढून फोनवर रेकॉर्ड केलेले. लोह्याची शेळीवाली बाई, "तिकीट काढते, पण शेळीला शीट द्या" म्हणणारी. रोज "गाडी टायमावर हाय का?" विचारणारे आणि स्वतः उशिरा येणारे माळाकोळीचे गुरुजी. बसच्या दोन टोकांना बसून अख्ख्या गाडीवरून भांडणाऱ्या चाकूरच्या सासू-सुना. सुनेचं बोलताना मामू डोक्यावर रुमाल घ्यायचे. "त्याच्याबिगर आवाज लागत न्हाई, सर."

शिवाय त्यांची अट होती: शेवटचा माणूस बसेपर्यंत डबल बेल द्यायची नाही. त्यामुळे गेममध्येही सगळे बसल्याशिवाय बस हलायची नाही. लोह्याला शेळी दारात अडकायची आणि गेम बंद पडायचा. दुरुस्त करायला माणसं कुठं होती? दोघं नोकरीसाठी पुण्याला गेले. तिसऱ्याचं लग्न झालं आणि त्यानं गट सोडला. उरलो मी आणि मामू. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा.

"सर, टीम किती झाली?"

"दोन."

"दोनवर बी गाडी चालते. एक डायव्हर, एक कंडक्टर."

हळूहळू मी त्यांचा फोन चारदा वाजल्यावरच उचलू लागलो.

एका दुपारी वैतागून मी सगळे प्रवासी काढून टाकले. डिस्क भरली होती म्हणून आवाजही कायमचे पुसले. मामूंच्या फोनमध्ये जागा नसायची. मला पाठवलं की ते आपल्याकडचं पुसून टाकत. म्हणजे ते आवाज फक्त माझ्यापाशी होते, आणि बटण दाबताना हे मला ठाऊक होतं.

बस सुसाट धावली. तिचा व्हिडिओ मी हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला आणि आठवड्यात तिघं नवे आले. बंद पडलेलं काम सुरू झालं. मी मामूंना सांगितलं, टीम पाच झाली. ते खूश झाले. मग म्हणाले, "गुरुजी बसले का?"

"बसले," मी म्हणालो.

त्यानंतर दर फोनला कुणीतरी बसत गेलं. शेळीसुद्धा बसली.

शेवटी एका रविवारी सगळ्यांनी माझ्या वर्गात भेटायचं ठरलं. मामू बालुशाहीचा डबा घेऊन आले आणि आल्या आल्या नव्या तिघांना आपल्या त्रेचाळीस सवाऱ्यांबद्दल सांगू लागले. उदगीरच्या पोराला त्यांनी खिडकी दिली, भोकरच्या वैष्णवीला दाराशी बसवलं. तिनं विचारलं, "मामू, एवढे प्रवासी कशाला हो? दहा पुरले असते की."

"ड्यूटीवर होतो तवा दिवसभर लोक इचारायचे, मामू, गाडी कधी सुटणार? वैताग यायचा. आता घरात मी एकलाच. कुणी काहीच इचारत न्हाई. म्हणून त्यास्नी बोलवून घेतलं."

मी गेम सुरू केला. पडद्यावर बस नांदेडहून निघाली. सगळ्या सीटा रिकाम्या. लोह्याचा थांबा जवळ आला तसा मामूंचा हात आपोआप वर गेला, बेलची दोरी ओढायला. बस थांबली नाही. हात थोडा वेळ तसाच वर राहिला, मग त्यांनी तो डोक्यावरून फिरवून खाली घेतला.

"मामू, सवाऱ्या कुठंयत?" वैष्णवी म्हणाली.

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्यांना पुरेसा असावा.

"पहिली फेरी रिकामीच नेत्यात, पोरी," ते म्हणाले. "रस्ता बघाया. मीच सांगितलं होतं सरांना."

तिघांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती तर सगळं निभावलं असतं. टीमही टिकली असती. मी उठून उभा राहिलो.

"मामू मला वाचवतायत. त्यांनी असं काही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो, आणि त्यांच्याकडे वळलो. "मामू, गुरुजी बसले नाहीत. कुणीच बसलं नाही. मी सगळ्यांना पुसून टाकलं, तुमच्या आवाजासकट. ते आता परत मिळायचे नाहीत. विचारलं तर तुम्ही नाही म्हणाल, म्हणून विचारलं नाही, आणि वर महिनाभर खोटं बोललो. माझं चुकलं, मामू. मला माफ करा."