संबंध नसल्याचा दाखला

विद्यापीठाच्या कचेरीत सकाळी परिपत्रक आलं, आणि अधीक्षक बुद्धभूषण यांचा चहा हातातच राहिला. ज्या विद्यापीठांचे परदेशी सरकारांशी संबंध आहेत, त्यांचं अनुदान थांबणार होतं. मुलींच्या नव्या वसतिगृहाचं काम त्याच अनुदानावर अडलेलं.

ते तडक कुलसचिव विजयसिंहांकडे गेले.

"लिवून टाका, संबंध न्हाईत!"

"साहेब, गेल्या वर्षीच्या अहवालात आपणच छापलंय की. फिनलंड सरकारशी उच्चस्तरीय चर्चा!"

विजयसिंहांनी कपाळाला हात लावला. गगनबावड्याला निघालेल्या फिनलंडच्या दूतावासातल्या एका बाईंची गाडी विद्यापीठाच्या दारात पंक्चर झाली होती. चाक बदलेपर्यंत त्या बाकावर बसल्या, एवढीच ती चर्चा. परदेशी संबंधांना तेव्हा विद्यापीठाच्या मूल्यांकनात गुण मिळायचे, म्हणून विजयसिंहांनी स्वतः ते वाक्य रंगवलं होतं.

"मग त्यास्नीच विचारा. संबंध न्हाय म्हणून दाखला द्या म्हणावं."

बुद्धभूषणांनी अवघडत पत्र धाडलं. न केलेली सोयरीक मोडायला निघाल्यासारखं त्यांना वाटत होतं.

आठवड्यात उत्तर आलं. आपला काहीही संबंध नाही, असं पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहिलेलं. बुद्धभूषणांचा जीव भांड्यात पडला. पण पुढे होतं, 'इतकं प्रामाणिक विद्यापीठ आम्ही पाहिलं नाही. करार करायला राजदूत स्वतः येत आहेत. आपल्या मंत्रालयालाही कळवलं आहे.'

"आता ओ?" विजयसिंह खुर्चीतच खचले. "येऊ नका म्हणावं तर पावण्यांचा अपमान. आले तर अनुदान बुडालं!"

"त्यास्नीच यावंसं वाटू नये, असं लिवूया की. बघण्यासारखं काय बी न्हाय म्हणून," बुद्धभूषणांनी सुचवलं.

"व्हय, लिवा. हात आखडू नका. आनि त्याची बी प्रत मंत्रालयाला जाऊ द्या."

बुद्धभूषण दुपारभर लिहीत बसले. प्रयोगशाळेला दोन वर्षं कुलूप, ग्रंथालयात पावसाळ्यात बादल्या, तीन विभागांत प्राध्यापकच नाहीत, वसतिगृहात एका खोलीत सात मुली. लिहिता लिहिता त्यांना चक्क हलकं वाटू लागलं. चार पानं झाली, तेव्हा त्यांनी ती साहेबांपुढे ठेवली.

विजयसिंहांनी पेन उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"सही करा की साहेब."

"कशी करू?" ते हळूच म्हणाले. "हे तर सगळं खरं हाय!"