ढाल आणि भरीत

"ढाल आपल्याच जिनमध्ये येणार," हे भाईदास नाना फेब्रुवारीपासून सांगत होते. न्हाव्याला सांगितलं, टपालवाल्याला सांगितलं, मेहरूणच्या तलावावर म्हशी धुणाऱ्यालाही सांगितलं. यांपैकी कोणीही विचारलं नव्हतं. म्हशीवाला तर म्हणाला, "ढाल? का हो, लढाई लागली का कुठं?"

पण सांगण्यासारखं होतं, हे खरं. १९३८ सालच्या त्या हंगामात जळगावच्या सरकी काढणाऱ्या जिनचा फुटबॉल संघ एकही सामना हरला नव्हता. कापसाच्या हंगामापुरती कामाला येणारी ही पोरं. कोणी शिरपूरकडची, कोणी रावेरची, काही जळगावातलीच. अनवाणी खेळत. कप्तान अमीन गोलात उभा राहिला की दाराला कुलूप घातल्यासारखं वाटायचं. असलम चेंडू घेऊन सुटला की मागे पडलेल्यांचे चेहरे पंगतीतून उठवल्यासारखे व्हायचे. आणि उखर्डूला येऊन धडकलेला माणूस उठल्यावर आधी स्वतःचं नाव आठवून पाहायचा. खानदेश ढाल या स्पर्धेचे तीन सामने उरले होते. त्यांतला एक जिंकला की ढाल यांची.

जिनच्या शेठनी शब्द दिला होता, "ढाल आणा, अकराच्या अकरा जणांना उन्हाळाभर कामावर ठेवतो. नाही आणली, तर पाडवा झाला की आपापल्या गावी."

पोरांना कामाची काळजी होती. नानांची काळजी वेगळी होती. नाना त्याच जिनमध्ये फिटर होते, आता घरी बसले होते. बायकोला, मंजुळाबाईंना, जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी खांडव्याला दिलेली. घरात आवाज करणारी वस्तू म्हणजे घड्याळ, आणि तेही मागे पडायचं. जिनमधून मैदानाकडे जाणारी वाट नानांच्या दारावरून होती. पोरं रांजणावर पाणी प्यायला थांबत. कोणी ओट्यावर टेकायचा, कोणी विडीला काडी मागायचा, उखर्डू रांजणाचं झाकण दर वेळी उलटं ठेवायचा. ती गेली की नाना झाकण सुलटं करत, आणि मग करण्यासारखं काही उरत नसे. पाडव्यानंतर तेवढंही काम राहणार नव्हतं.

म्हणून ढाल यायलाच हवी होती. आणि ढाल यावी म्हणून नानांनी बेत आखला.

"पोरांना भरीत घालतो," ते शेजारच्या भिकुबाईंना म्हणाले. "जिंकल्यावर कोणीही घालतं. मी सामन्याच्या आधी घालणार."

भिकुबाई धुळ्याकडच्या. जळगावात त्यांना वीस वर्षं झाली होती, पण बोली त्यांनी माहेरचीच ठेवली होती. "भाकरी मी थापी दिसू," त्या म्हणाल्या. "पन नाना, पयाना आगोदर इतलं जेवन?"

"इंजिन पळायच्या आधीच कोळसा घालतात, भिकुबाई. नंतर घालून काय उपयोग?"

चाळीस वर्षं यंत्रात घालवलेल्या माणसाशी भिकुबाईंनी वाद घातला नाही.

मंजुळाबाई होत्या तेव्हा त्या घरात भरीत व्हायचं ते बारा माणसांचं. गल्लीत वाटून संपायचं. नाना बाजूला बसून बघायचे, त्यामुळे त्यांनाही येत होतं ते बारा माणसांचंच. सामन्याच्या दुपारी त्यांनी हिरवी वांगी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजली, मिरच्या-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचली, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात, आणि तेल असं की भाकरी बुडवली तर परत काढायला शोधावी लागेल. अंगणात एकच पंगत बसली. नाना वाढू लागले.

"बस, नाना," अमीन म्हणाला. "पाचला मॅच आहे."

"म्हणून तर वाढतोय."

"नाना, खरंच पुरे."

"कप्तानानेच हात आखडला तर बाकीच्यांनी काय करायचं?"

त्या मुलखात वाढणाऱ्याचा हात अडवायची रीत नाही. ताटावर आडवा हात धरला तर नाना बोटांच्या फटीतून वाढत होते.

भुसावळकरांशी सामना झाला. असलम चेंडू घेऊन सुटला, अर्ध्या मैदानात थांबला आणि बरगडीवर हात ठेवून चेंडूकडे बघत राहिला. चेंडू पुढे गेला. उखर्डूने एक उंच किक मारली आणि पाठोपाठ अशी ढेकर दिली की कडेच्या लोकांना वाटलं पंचाने शिट्टी बदलली. दोन गोलांनी हरले.

घरी येताना नानांनी विचार केला. पोरं दमली होती. दमतात म्हणजे ताकद कमी पडते. ताकद कशाने येते?

पुढच्या सामन्याला भरताबरोबर रव्याचे लाडू होते.

अमळनेरच्या संघाने पाच गोल केले. पाचवा जाताना अमीन हललाही नाही. निघालेल्या पाहुण्याकडे उंबऱ्यातून पाहावं तसं त्याने चेंडूकडे मान वळवून पाहिलं. पंचाने मध्ये दोनदा विचारलं, तुमच्यात कोणी आजारी आहे का. सगळे म्हणाले, नाही, जेवलोय.

दुसऱ्या दिवशी नाना अंगणात तोंड पाडून बसले होते. "काय झालं असेल हो पोरांना?" त्यांनी विचारलं.

भिकुबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "नाना, तुम्ही पोऱ्यासले बैल समजतस का? पोट इतलं भरेल शे, त्या पयतीन कशा?"

नानांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाले, "मग मला कोणी सांगितलं का नाही? अमीनने सांगावं की नाही? तो कप्तान आहे."

"वाढताना तुम्हनं तोंड कसं व्हस, ते तुम्ही देखेल नई," भिकुबाई म्हणाल्या. "त्या पोऱ्यासनी देखेल शे."

शेवटचा सामना धुळ्याला होता, धुळ्याच्याच संघाशी. नानांनी ठरवलं, पोरांच्या जवळपासही फिरकायचं नाही. आपण दिसलो की पोरं थांबतील, थांबली की आपला हात पातेल्याकडे जाईल. सकाळी जिनची लॉरी दाराशी उभी राहिली. "नाना, ओ नाना," असलमने हाका मारल्या. नाना कडी लावून दाराच्या मागे श्वास धरून उभे होते. लॉरी उगीच बराच वेळ थांबली. निघाली तेव्हा नानांनी दार उघडलं. रांजणाचं झाकण उलटं होतं. त्यांनी ते सुलटं केलं, आणि सर्व्हिस मोटार धरून एकटेच धुळ्याला निघाले.

मैदानावर ते मुद्दाम धुळेकरांच्या घोळक्यात बसले. ओळख पटू नये म्हणून मार्चच्या उन्हात उपरणं डोक्यावरून हनुवटीपर्यंत गुंडाळलं. शेजारचा म्हणाला, "आबा, ताप आहे का?"

"थोडा," नाना म्हणाले.

"मग घरी पडायचं. घरी कोणी नाही का?"

नानांनी उपरणं आणखी घट्ट केलं.

सामन्याआधी अमीन कडेकडेने चालत गर्दी न्याहाळत होता. कपाळावर हात धरून तो नानांच्या बाजूला बघू लागला, तेव्हा नानांनी खाली वाकून चपलेचा अंगठा तपासला. कप्तान वारा बघतोय, असं त्यांनी मनाला सांगितलं.

पूर्वार्धात पोरं बरी पळाली. एक गोल असलमने केलाही. नानांच्या घशापर्यंत ओरडणं आलं होतं, पण भोवती सगळे धुळेकर. त्यांनी ते गिळलं. आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल त्यांनी तोंडाला उपरणं लावून, हूं की चूं न करता पाहिला. उत्तरार्धात मात्र पोरांचे पाय जड झाले. चेंडू दोन हातांवर असायचा आणि पोरं त्याच्याकडे पत्ता विचारल्यासारखी बघायची. धुळ्याने दोन गोल केले, दुसरा अगदी शेवटी. ढाल धुळ्यातच राहिली.

गर्दी पांगली तेव्हा नाना उपरणं सोडून पोरांकडे गेले. पोरं निंबाखाली पडली होती.

"नाना?" अमीन उठून बसला. "कुठे होता तुम्ही? सकाळी हाका मारल्या. इथेही दिसला नाहीत, तेव्हा वाटलं, तुम्हाला बरं नाही."

"बरा होतो. म्हटलं, आज पोटं हलकी असू द्यावीत."

मग उखर्डू म्हणाला, "हलकी? नाना, सकायपाईन पोटमा पानीशिवाय काय नई. आमले वाटनं, तुम्ही पातेलं लई येशात."

"पारोळ्याला लॉरी थांबली होती," असलम म्हणाला. "गरम भजी काढत होते. आम्ही भज्यांकडे पाठ करून बसलो. हा म्हणाला, पोटात जागा ठेवा, नाना वाढतात तेव्हा थांबत नाहीत."

'हा' म्हणजे कप्तान. अमीन गवताची काडी मोडत बसला होता.

नानांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग उठले आणि सगळ्यांसाठी शेव-मुरमुरे घेऊन आले. पोरांनी ते असे खाल्ले की त्या वेगाने खेळली असती तर आणखी एक ढाल मिळाली असती.

पाडव्यानंतर पोरं आपापल्या गावी गेली. जाताना रांजणावर पाणी प्यायली. अमीन नि असलम जळगावातलेच, पण तेही खांडव्याकडे गिरणीत लागले.

उन्हाळाभर नाना अंगणात बाज टाकून विचार करत होते. दोन सामने जेवल्यामुळे गेले, एक न जेवल्यामुळे. मे महिन्यात त्यांना उत्तर सापडलं. अर्धं पोट. तिन्ही वेळा अर्धं पोट वाढलं असतं, तर आज ढाल आपल्या जिनमध्ये असती. त्यांनी न्हाव्याला सांगितलं, टपालवाल्याला सांगितलं. म्हशीवाला म्हणाला, "अजून ती लढाई चालूच आहे का?"

मग त्यांनी ते करूनच पाहायचं ठरवलं. वांगी आणली, भाजली, ठेचली. झाल्यावर पाहिलं तर बडगीत बारा माणसांचं भरीत होतं.

"भिकुबाई," त्यांनी भिंतीवरून हाक मारली, "जरा या. अर्धं पोटच वाढतो."

"मले कोठे पयानं शे, नाना?" पलीकडून आवाज आला. "मन्हं जेवन व्हई गयं." तरी एक हात भिंतीवरून वाटी घेऊन आला, भरला आणि मागे गेला.

नानांनी ताट घेतलं. मोजून अर्धी भाकरी, भरताचा एक गोळा. तेवढं संपवून ते हात धुवायला उठले. रांजणाचं झाकण सुलटं होतं. ते परत येऊन ताटावर बसले.

त्या दिवशी नाना पोटभर जेवले. सामना नव्हता.