अंगदअण्णाचा जपानी

कडब्याची पेंढी उचलताना करंगळी वर ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अंगदअण्णा. केज तालुक्यातल्या आमच्या दूध सोसायटीचा क्लार्क. दुष्काळात सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली, चारावाटप अण्णाकडं आलं आणि मी सेक्रेटरी, म्हणून अण्णा माझ्या हाताखाली. तेव्हापासून माझा जीव टांगणीला.

वय पंचेचाळीस, लग्न नाही. चालणं असं, की डोक्यावर भरली घागर आहे आणि सगळं गाव बघतंय. म्हैस अंगावर आली की "अगं बया!" आणि गाय दिसली की "या बाईसाहेब." गडी मागून नक्कल करायचे. अण्णा वळून म्हणायचा, "मान अजून थोडी वाकडी कर बाबा, जमायलंय तुला." घाम फुटायचा तो मला. आमचे चेअरमन भलते तापट. 'सोसायटीची शोभा होते' एवढं म्हणून त्यांनी मागच्या क्लार्कला घरी बसवलं होतं. अण्णाचा नंबर कधी लागेल याचा नेम नव्हता.

अण्णाला नाद एकच, मोबाईलवर जपानी कार्टून बघायचा. त्यातल्या एका तलवारबाजावर त्याचा लई जीव. "लांब केस, नाजूक चाल, बोलणं लोण्यासारखं. पण भाऊ, त्याला तिथं कुणी हसत न्हाई! उलट संकट आलं की सगळे त्यालाच हाका मारतात." दुपारी चारा वाटून झाला की छावणीतल्या बाया बाभळीखाली जमायच्या आणि अण्णा हातवारे करून त्यांना पुढची गोष्ट सांगायचा.

एके दिवशी तो तलवारबाज जखमी झाला. झालं! बायांनी असा गळा काढला, की चेअरमन जीपमधून उतरून धावतच आले. छावणीत माणूस दगावलं की चौकशी लागते ना.

"कावून रडायलात? कोण गेलं?"

"गेला न्हाई, पडून हाय," म्हातारी गयामावशी डोळे पुसत म्हणाली. "जपानचा हाय. जोगाईला नारळ बोललाय मी."

चेअरमननी कार्टूनची सगळी गोष्ट ऐकली आणि चक्क खाली बसले. "बरं मग? त्याच्या घरी कळवलं का? बायको कुठंय?"

चेअरमनच्या मागून मी अण्णाला हात जोडले. माहेरी गेलीय म्हण, मेलीय म्हण, काहीही म्हण! अण्णानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"बायको न्हाई साहेब. दुसरा एक गडी हाय. त्याच्यावर जीव हाय ह्याचा. नवराबायकोचा असतो, तसा."

चेअरमन लालबुंद होऊन "शोभा..." एवढंच म्हणाले, तोवर गयामावशी कडाडली, "मंग बोलवा की त्याला! हा हितं एकटा पडलाय, अन् तो कुठं उलथलाय?"

मग सगळ्याच बाया चेअरमनवर तुटून पडल्या, जणू त्यांनीच त्या गड्याला अडवून ठेवलं होतं. चेअरमन उठले, पँट झटकली. "अंगद, उद्या ह्याच टायमाला येतो मी. तोवर त्याला बोलवून घे. जखमी माणूस असा बेवारस ठेवायचा न्हाई."

जीप गेली. मी मटकन अण्णाशेजारी बसलो.

"सुटलो बाबा! अण्णा, मोबाईलमध्ये कधी येतो तो दुसरा?"

"येतच न्हाई, भाऊ. शेवटपर्यंत बघितलंय मी, चारदा. हा वाट बघत बसतो अन् तिथंच संपतं." अण्णानं मोबाईल खिशात ठेवला. "आजवर मी एकटाच त्याची वाट बघायचो. आता येवढ्या जणी बघायल्यात. उद्या माझ्या गोष्टीत आणतो त्याला."