न झिजणारी कांडी

टिकाऊपणा हा सर्व सद्गुणांचा पाया आहे. जे झिजतं ते निकृष्ट, जे चकाकतं ते उत्तम, या सोप्या निकषावर तात्यांनी तपासणी खात्यात उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर खातं घरी आणलं. (काकूंना कोणी विचारलं नव्हतं.)

वार्षिक तपासणीत गिझरची पाळी आली. गिझर बाहेरून निर्दोष होता, कारण काकू तो रोज पुसत. प्लंबरने टाकीतली धातूची कांडी बाहेर काढली, तर ती उंदरांनी कुरतडल्यासारखी.

"ही अशी कशी झाली?" तात्यांनी जबाबच घ्यायला सुरुवात केली.

"ती झिजायलाच असते, साहेब. टाकीला गंज लागू नये म्हणून ही तो आपल्या अंगावर घेते. मधूनमधून बघायची, संपत आली की बदलायची."

तात्यांना हे पटेना. टाकी ठणठणीत आणि तिची राखण करणारी खंगलेली, म्हणजे दोष उघडच राखणीचा. खात्यातही फायलींखाली वाकलेल्या कारकुनाला त्यांनी याच न्यायाने अकार्यक्षम ठरवलं होतं, आणि इस्त्री न मोडणाऱ्याला बढती दिली होती.

"न झिजणारी बसव."

"स्टीलची बसवतो. पण ती काही काम करणार नाही."

"कामाचं मी बघतो."

"अहो, गरम पाण्याशिवाय सकाळी माझी कंबर हलत नाही," काकू म्हणाल्या. "तो म्हणतोय तीच बसवू द्या ना."

हे निवेदन तांत्रिक स्वरूपाचं नसल्याने दप्तरी दाखल झालं.

पुढच्या तपासणीत कांडी लखलखीत निघाली. समाधान शंभर टक्के (मत देणारे एक). त्याच्या पुढच्या वर्षी टाकीच्या बुडाला भोक पडलं. तात्यांनी तातडीने कांडी काढून पाहिली, तर तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. अर्थात देखभालीत कसूर नाही, टाकीच नालायक निघाली. चौकशी पूर्ण होईपर्यंत नवीन गिझर स्थगित, आणि कांडी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात.

काकू हल्ली पहाटे उठून गॅसवर मोठं पातेलं चढवतात आणि ते दोन्ही हातांनी उचलून तात्यांची बादली भरतात. उरलं तर स्वतः घेतात. बहुधा उरत नाही.

काल त्यांना भिंत धरून चालताना पाहून तात्यांना खरोखर वाईट वाटलं.

"फार झिजलीस गं तू," ते म्हणाले. "जरा स्वतःला सांभाळत जा."

तुम्हाला हसू आलं असेल. हसा. फक्त आज तुमच्या घरात सगळ्यात शेवटी अंघोळ कोणाची झाली, आणि तेव्हा पाणी गरम होतं का, तेवढं विचारून या.