क्लचवरचा पाय

गाडी कुणाचीही बंद पडो, आमचे शेजारी चाँदभाई बॉनेट नंतर उघडतात, आधी चालवणाऱ्याच्या पायांकडे बघतात. "पाय कुणाचा हुता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. गाडी बिचारी निष्पाप, दोष सगळा माणसाचा, हे त्यांचं ठाम मत. माझ्या खताच्या दुकानाच्या टेम्पोची क्लचप्लेट गेली, तेव्हा देवळाली प्रवराच्या भर बाजारात त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पायाखाली विटेचा तुकडा ठेवला आणि "दाबा, सोडा" करायला लावलं. गिऱ्हाइकं हसून लोळली.

"शेठ, तुमी क्लचवर पाय ठिवत न्हाई. पाय इसाव्याला टाकता!"

स्वतःची चूक? तोबा तोबा! साठी उलटली, पण या माणसानं "माझं चुकलं" म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, जैनबभाभींना विचारलं तर त्या नुसत्या हसायच्या.

त्यांचं शेत ओढ्यापलीकडे. वाटेत खडक आणि चिखल, त्यांच्या जुन्या फोर बाय फोर जीपशिवाय तिकडं काही जात नाही. मागच्या हिवाळ्यात कांदा दाखवायला त्यांनी मला नेलं. चाँदभाई चालवत होते, शेजारी भाभी, मागे मी, मांडीवर फवारणीच्या औषधाचा खोका. ओढ्याच्या चढाला अचानक इंजिन बोंबललं आणि जीप जागच्या जागी. पेडल ठीक, गिअर पडतोय, ऑइल कुठं गळत नाही. फक्त चाकं हलेनात, आणि जळका वास असा की नाक धरावं.

"सील गेलं," चाँदभाई म्हणाले. थोड्या वेळानं "स्प्रिंग असंल." मग "आजकाल मालच बोगस येतो."

मी चाट पडलो. वास सरळसरळ प्लेट जळाल्याचा होता. माझ्या टेम्पोच्या कृपेनं तो मला चांगलाच पाठ झालाय. आणि हे गृहस्थ पायाचं नावच काढेनात!

ट्रॅक्टरनं ओढून जीप गॅरेजला आणली. मिस्तरीनं गिअरबॉक्स उतरवून प्लेट बाहेर काढली. पार कोळसा. मिस्तरीचा चेहरा खुलला, बरीच वर्षं ऐकून घेतलं होतं बिचाऱ्यानं.

"ही शिकाऊ मानसाची करामत. अर्ध्या क्लचवर गाडी रेटलीया. आता तुमीच सांगा चाँदभाई, पाय कुणाचा हुता?"

चार टवाळ जमले होतेच. भाभींनी तोंडाला पदर लावला आणि खाली बघू लागल्या.

"माझा," चाँदभाई म्हणाले. "सवय लागलीया. माझं चुकलं."

मग काय, हशा! कुणीतरी खुर्ची आणली, कुणी वीट. आणि ते खरंच बसले. दाबलं, सोडलं, परत दाबलं. मला बघवेना.

घरी चालत निघालो. भाभी थोड्या पुढं होत्या. चाँदभाईंनी माझा दंड धरला.

"डोळे चाललेत माझे, शेठ. डाक्टर म्हनला, गाडी बंद करा."

"अहो, मग आज आम्हाला कसं नेलंत?" मी विचारलं.

"तुमच्याम्होरं चालवायला ती लाजली, म्हनून मी बसलो. लई दिसांपासनं शिकवतोय तिला. आज तिला हसले असते, तर परत बसली नसती ती. दिसतंय तवर शेत बघून घ्यावं म्हनतो. तिच्याबिगर मला कोन नेनार?"

मी पुढं चाललेल्या भाभींकडे बघितलं.

भाभी थांबल्या. सगळं ऐकलं असणार त्यांनी.

"प्लेट बसली की गॅरेजातनं मीच गाडी काढनार," त्या म्हणाल्या. "भर बाजारातनं. हसंनात का कुनी."

"हसंनात," चाँदभाई म्हणाले, आणि माझा दंड सोडून त्यांनी भाभींचा हात धरला.